वरचं दूध, अंगावरचं दूध

१४ नोव्हेंबर

गोळ्या सुरू करून अकरा दिवस झाले. दूध ओढायचं यंत्र दिवसातून सात वेळा, दर वेळी वीस मिनिटं. बाटलीत काय आलं, तर हवा.

वाशिमच्या डॉक्टरीणबाईंना फोन केला. म्हणाल्या, "घाई नको. पोटात बाळ असतं तेव्हा शरीराला नऊ महिने आधी निरोप गेलेला असतो. तुमच्या शरीराला आत्ताच कळतंय. रोज सांगत राहा." ठीक आहे, सांगते. सांगण्याचंच काम करते मी, तेरा वर्षं अंगणवाडीत दुसरं केलंय काय.

वय सदतीस, लग्नाला सोळा वर्षं. दत्तक संस्थेच्या यादीत नाव घालून तीन वर्षं झाली. गेल्या महिन्यात मोबाइलवर फोटो आला. पिवळी टोपी, मिटलेल्या मुठी. मुलगी. दोन दिवसांत हो-नाही कळवा म्हणाले. प्रकाश मालेगावला गॅरेजात गाडीखाली आडवा होता, तिथूनच 'हो, हो' ओरडला. फोन कुणाचा आहे तेही त्यानं विचारलं नव्हतं. आता कागदपत्रं चाललीत, महिना तरी जाईल. तेवढ्या अवधीत मला दूध आणायचं आहे.

हे होऊ शकतं ते मला सहा वर्षांपूर्वी एका प्रशिक्षणात कळलं. शेवटचा तास, सगळ्या सेविका बसची वेळ बघत होत्या. तेव्हा याच डॉक्टरीणबाई बोलून गेल्या, की बाळंतपण न झालेल्या बाईलाही दूध येऊ शकतं. कमी येतं, सगळ्यांना येत नाही, पण येतं. मी वहीच्या कोपऱ्यात त्यांचा नंबर लिहून घेतला. कशाला, ते तेव्हा कुणाला सांगितलं नाही. स्वतःलाही नाही.

१७ नोव्हेंबर

पकडले गेले.

यंत्र घर्र-टक, घर्र-टक करतं. दार लावून, रेडिओ लावून बसत होते. आज रेडिओचे सेल गेले. सासूबाई दाराशी. लग्नापासून मी त्यांना आत्याबाई म्हणते.

"काय वो मीना, भिंतीत भुंगा शिरला का?"

दार उघडलं. लपवणार तरी काय, पदराखालून नळ्या लोंबत होत्या. सगळं सांगितलं. वाटलं होतं कपाळावर हात मारतील. त्या उंबऱ्यावर बसल्या. मग म्हणाल्या, "मंग हे तं आमच्या चांदीसारखं झालं."

चांदी म्हणजे त्यांच्या माहेरची पाठ, तरणी शेळी. बोकडाजवळ कधी गेली नव्हती. "एका करडाची माय मेली. थे करडू हिलेच लुचे. आठ-धा दिस कोरडंच लुचलं. मंग चांदीनं दूद देलं. तिले कोन्या डाक्टरनं गोया देल्त्या?"

मला शेळीच्या दावणीला बांधल्याचा राग यायला हवा होता. आलाच नाही. उलट रडू आलं. आत्याबाईंनी यंत्र उलटंपालटं करून पाहिलं आणि निकाल दिला, "याले काय समजते? लेकराचं तोंड पाह्यजे."

१९ नोव्हेंबर

सकाळी अळिवाची खीर. दुपारी शेपू आणि बाजरीची भाकर. संध्याकाळी लसूण घालून काहीतरी, नाव विचारलं नाही. बाळंतिणीचं सगळं खाणं सुरू, बाळंतपणाशिवाय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, खा, पण गोळ्या आणि यंत्र सोडू नका. प्र. म्हणतो, "मले बी दे थोडी खीर, माह्यं बी लेकरू येऊन राह्यलं."

बाटलीत अजून हवाच.

२१ नोव्हेंबर

आत्याबाईंनी घोळ घातला. मला न विचारता रंजनाकडे गेल्या.

गावात पंधरा अंगावर पिणारी लेकरं आहेत आणि यांना सापडली कोण, तर रंजना. ती वरच्या आळीतली, भाजीवाल्यांची सून. रोज पहाटेच्या एस.टी.नं मालेगावच्या बाजारात वांगी, मेथी घेऊन जाते. तिची गुड्डी दोन महिन्यांची होती तेव्हा, ती बाजारात गेली की सासू पोरीला बाटलीनं म्हशीचं पाजते असं मला कळलं. मी अंगणवाडीत बारा बायांसमोर तिला म्हटलं होतं, "अंगावर दूध असून पोरीला म्हशीचं पाजतेस? तू आई आहेस की वैरीण?" बाटली हिसकून कचऱ्यात टाकली होती. ती पोरीला खांद्यावर घेऊन गेली.

आता तिच्याच दारात माझी सासू, "तुह्यी पोट्टी चार दिस आमच्या मीनाले लावतं का?" म्हणून. मला धरणी दुभंगली तर बरं असं झालंय.

२३ नोव्हेंबर

रंजना आली. उन्हं वर आल्यावर, बाजारातून परस्पर, टोपली डोक्यावर आणि बाजारात बरोबर नेलेली गुड्डी कडेवर. मी दारातून बाजूला झाले. तीच म्हणाली, "बसा, ताई. हिले दात आलेत दोन. चावलं तं नाक दाबजा."

डॉक्टरीणबाईंना आधी विचारून घेतलं होतं. रंजनाच्या गरोदरपणातल्या सगळ्या तपासण्या माझ्यासमोरच झाल्यात, माझ्याही आता झाल्या. काळजी नाही.

गुड्डी नऊ महिन्यांची. एक क्षण माझ्या तोंडाकडे बघितलं, मग काम सुरू. यंत्र म्हणजे काहीच नाही. पाठीच्या कण्यापासून काहीतरी ओढलं जातंय असं वाटलं. दोन मिनिटं ओढलं, काही मिळालं नाही, तेव्हा सोडून आईकडे वळून अशी रडली, जणू मी तिला फसवलं. फसवलंच होतं.

"उद्या येतो मंग," रंजना म्हणाली. दारातून परत वळली, "माह्या सासूले सांगू नोका फक्त."

कारण मला माहीत आहे. त्यांच्या घरी माझ्यासाठी चहाचा कप वेगळा आहे. वरच्या फळीवर, कान तुटलेला. सर्व्हेला गेले की त्यातच चहा मिळतो. म्हातारी वाईट नाही, प्रेमानं देते, साखरही जास्त घालते. पण कप तोच.

२६ नोव्हेंबर

गुड्डी चार दिवस आली. आज तिला माझ्याजवळ बसवायला आत्याबाईंनी बोटाला गूळ लावून लाच दिली. मी अंगणवाडी सेविका, बाळाला गूळ देऊ नये असं शंभरदा सांगितलेली, तोंड बंद करून बसले.

रंजनाला विचारलं, तू का करतेस हे? मी तुला केवढं बोलले होते.

ती मेथीची जुडी सोडवत होती. "तवा मले लय राग आल्ता तुमचा. घरी जाऊन रडली मी. मंग म्हनलं, ह्या बाईले लेकरू नाई म्हनून ह्या असं बोलते." जुडी झटकली. "आता येऊन राह्यलं ना तुमाले. मंग पाह्यजा."

मी दुसरी जुडी सोडवायला घेतली.

२८ नोव्हेंबर

आला. एक थेंब.

गुड्डी गेल्यावर पदर सारखा करताना दिसला. पांढरा नाही, किंचित पिवळसर, मोहरीच्या दाण्याएवढा. बोटावर घेतला, उजेडाकडे धरला. मग वाळला.

प्र.ला फोन केला. गॅरेजात ग्राहक होते, तरी स्पीकरवर ओरडून म्हणाला, "अरे, डिझेलच्या लाइनीत एअर होता! एकदा सुटला ना, मंग पाह्यजो!" मागून कुणीतरी विचारलं, कोणती गाडी? हा म्हणतो, घरची.

मी खूप खूश आहे. एवढंच लिहायचं होतं. खूप खूश आहे.

११ डिसेंबर

रोज दोन-तीन चमचे येतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सुरुवात छान. पुढे बाळ आलं की त्याचं तोंड ठरवेल. आणि हेही बजावलं, "बहुतेकींना पूर्ण पुरेल एवढं येत नाही. वरचं द्यावंच लागेल. बाळाचं वजन आधी, बाकी सगळं नंतर. लिहून घ्या." लिहून घेतलं. इथेही लिहिते: वजन आधी, बाकी सगळं नंतर.

उद्या निघायचं. गाडी प्र.च्या मित्राची. आत्याबाईंनी सहा लंगोट, एक गोधडी आणि मोहरी-मिठाची पुरचुंडी दिली. मी म्हटलं, आपण हे दृष्ट वगैरे मानत नाही ना? म्हणाल्या, "मानत नाई. तरी घेऊन जा."

१२ डिसेंबर

आणली.

अंगठे, सह्या, फोटो, पुन्हा सह्या. कलेक्टरचा आदेश नंतर होईल, तोवर आमच्याकडे सांभाळायला. 'सांभाळायला' या शब्दापाशी प्र.चं पेन थांबलं. मग केली सही.

साडेतीन महिन्यांची. तीन किलो नऊशे. मी केंद्रात असते तर हिच्या तक्त्यात कमी वजनाचा ठिपका काढला असता आणि आईला बसवून तासभर ऐकवलं असतं. आता आई मीच.

गाडीत पूर्णवेळ प्र.चं करंगळीचं बोट धरून होती. त्याच्या नखात ग्रीस होतं. आज पहिल्यांदा मी त्याला त्यावरून बोलले नाही.

१४ डिसेंबर

नाव सुजाता. आत्याबाईंनी ठरवलं, बुद्धांना खीर देणाऱ्या सुजातेची, विहारातल्या पौर्णिमेच्या खिरीची आठवण काढून. प्र.नं मोबाइलवरून दुसरी दहा नावं काढली होती, त्यातलं एकही आत्याबाईंना उच्चारता येईना. विषय संपला. प्र. 'सुजी' म्हणतो. मी म्हटलं, मग हिचा शिरा करायचा का?

सुजीला बाटलीची सवय आहे. अंगाला लावलं की धनुष्यासारखी वाकते आणि किंचाळते. शंभर बायांना मी शिकवलंय, असं धरा, तोंड मोठं उघडू द्या, हनुवटी टेकू द्या. माझ्या स्वतःच्या हातून पहिल्या दिवशी एकदाही जमलं नाही. मला कुणी शिकवणारी हवी होती, आणि शिकवणारी गावात एकच, ती म्हणजे मी.

१८ डिसेंबर

नळीची युक्ती सुरू केली. डॉक्टरीणबाईंनी करून दाखवली होती. डब्याचं दूध वाटीत. बारीक नळीचं एक टोक वाटीत, दुसरं चिकटपट्टीनं माझ्या अंगावर, स्तनाग्रापाशी. ती ओढेल तर नळीतून वरचं येईल, आणि ओढता ओढता माझंही येईल. तिला वाटावं, सगळं इथूनच येतंय.

डब्याचं दूध. माझ्या घरात. मी, जिनं गावातल्या किराण्यावाल्याला दम दिला होता की असला डबा दुकानात दिसला तर बघ. प्र. मालेगावहून आणतो, स्पार्क प्लगच्या पिशवीत घालून. मी तो ज्वारीच्या कोठीमागं ठेवते. आत्याबाईंना सापडला. "चोरीचा माल हाय का वो हा?" म्हणाल्या.

सुजीनं नळीसकट तोंड फिरवलं. उद्या पुन्हा.

२१ डिसेंबर

लावली!

सकाळी, अंगणात, उन्हात. अर्धवट झोपेत होती. आत्याबाई पलीकडे तुरीच्या शेंगा सोलत होत्या. सोल्यांची भाजी करायची होती. पोरीनं तोंड उघडलं, धरलं, आणि नळीतलं दूध वर सरकताना मला दिसलं. मी आत्याबाईंना हातानं खूण केली, बोलू नका. त्या शेंगा धरून तशाच बसून राहिल्या. सतरा मिनिटं. तिचा एक हात माझ्या मंगळसूत्राच्या मण्यांत. पिताना ती भुवया आक्रसते, हिशेब तपासणाऱ्या साहेबासारखी.

तिला माझ्या पोटातला आवाज माहीत नाही. पण आजपासून माझ्या छातीतला माहीत झाला. मी तिची आई आहे असं आज मला वाटलं, कागदावर नाही, अंगात.

२ जानेवारी

केंद्रात वजनाचा दिवस. मदतनीस सगळं सांभाळते हल्ली, तरी मी सुजीला घेऊन गेले. सगळ्या बाया गोळा. कुणी टोपडं आणलं, कुणी अंगडं. एक नवी सून, पहिलटकरीण, हसत म्हणाली, "ताई, आता तुमी आमच्यातल्याच. तुमी वरचं देता का काई?"

तोंडातून आपसूक गेलं, "नाही. फक्त अंगावरचं."

तेरा वर्षं तेच वाक्य म्हणतेय, जिभेला वळणच पडलंय. पण ते कारण नाही. बाया टाळ्या वाजवायच्या तेवढ्या बाकी होत्या. बाळंतपण न होता दूध आणलेली बाई. मला ते आवडलं. कोपऱ्यात रंजना होती. तिला सगळं ठाऊक. तिनं मान खाली घातली आणि गुड्डीच्या झबल्याचं बटण लावत बसली.

४ जानेवारी

खोटं बोलले ते खरं करून दाखवायचं. नळीतलं वरचं रोज थोडं थोडं कमी करते. ओढ वाढली की दूध वाढतं, हा तर नियमच आहे. डॉक्टरीणबाईंना विचारलं नाही. विचारायचं काय त्यात, मला माहीत आहे.

९ जानेवारी

वरचं निम्म्यावर आणलं. सुजी शांत असते आता. झोपते भरपूर. तृप्त आहे.

प्र. म्हणाला, "लय झोपून राह्यली ना ही?" मी म्हटलं, बाळं झोपतातच.

१३ जानेवारी

तीन किलो आठशे सत्तर.

तीनदा काटा शून्यावर आणला. तीनदा तेच. गेल्या वेळी चार किलो चाळीस ग्रॅम होती. आणली तेव्हापेक्षाही आज कमी. दहा दिवसांत पोरीचं वजन मी खाली आणलं. मी. दुसऱ्या बाईच्या बाबतीत झालं असतं तर तिच्या घरी गेले असते, चारचौघांत झाडलं असतं. झोपत होती ते तृप्तीनं नव्हे. रडायलाही ताकद लागते, एवढं मला कळू नये? तेरा वर्षं दुसऱ्यांना हेच सांगतेय.

डॉक्टरीणबाईंना फोन.  त्यांनी ओरडावं असं वाटत होतं, त्या ओरडल्या नाहीत. ताबडतोब पूर्ण माप सुरू करा, लघवी किती वेळा होते ते बघा, उद्या घेऊन या, असं म्हणाल्या. शेवटी, "मीनाताई, मी काय लिहून घ्यायला सांगितलं होतं?"

वाटी भरून पाजलं. संपवलं सगळं. पुन्हा मागितलं. आत्याबाईंनी कोठीमागचा डबा उचलून चुलीवरच्या फळीवर, चहा-साखरेच्या शेजारी ठेवला.  

१४ जानेवारी

वाशिमला दाखवलं. ताप नाही, जंतुसंसर्ग नाही. फक्त उपाशी. 'फक्त'.

येताना बसमध्ये प्र. म्हणाला, "तू तिले तुह्यं दूद देऊन राह्यली होती की लोकाइले दाखवून राह्यली होती?" आयुष्यात तो मला कठोर बोलला तो एवढाच. मग मेडशी फाट्यावर उतरून चहा घेऊन आला माझ्यासाठी. मी चहा प्याले आणि रडले. शेजारच्या बाईनं विचारलं, माहेर सुटलं का?

२० जानेवारी

चार किलो एकशे साठ. 

६ फेब्रुवारी

आज पुन्हा वजनाचा दिवस. चार किलो सहाशे.

नोंदवहीत प्रत्येक बाळापुढं रकाना असतो, दूध कोणतं. सुजाता प्रकाश, तिच्यापुढं मी सर्वांसमोर लिहिलं: अंगावरचं आणि वरचं. मग वाचून दाखवलं. म्हटलं, मागच्या महिन्यात मी तुमच्याशी खोटं बोलले, आणि ते खोटं खरं करायला गेले तर पोरगी वाळली. हा बघा तक्ता. खाली गेलेली रेघ सगळ्यांना फिरवून दाखवली.

  पहिलटकरीण मुळूमुळू रडायला लागली, ती म्हणे पंधरा दिवसांपासून चोरून गाईचं देतेय, माझ्या भीतीनं सांगितलं नाही. तिला जवळ बसवलं. काय किती देते, पाणी किती घालते, सगळं विचारलं. पहिल्यांदा न रागावता विचारलं. तिचं दूध भरपूर आहे, धरायचं चुकतंय फक्त. ते मला शिकवता येतं.

मग मी रंजनाला म्हटलं, तेव्हा तुझी बाटली फेकली, ती माझी चूक होती. सगळ्यांसमोर बोलले होते, म्हणून सगळ्यांसमोरच सांगते.

ती हसली, पदर तोंडाला लावून. "जाऊ द्या ना, ताई. तवा माह्याजवळ दूद होतं, येळ नोता. तुमच्याजवळ येळ हाय, दूद कमी. लेकराले काय, पोट भरल्याशी मतलब."

१५ फेब्रुवारी

दिवसाला अर्धी वाटी येतं माझं. कधी जास्त. बाकी सगळं नळीतून. डॉक्टरीणबाई म्हणतात वाढेलही, न वाढेलही. गोळ्या आता हळूहळू कमी करायच्या, मग कळेल किती टिकतं. कलेक्टरचा आदेशही यायचाय. दोन गोष्टींची वाट बघतेय आणि दोन्ही माझ्या हातात नाहीत.

काल ती पिता पिता थांबली आणि माझ्याकडे बघून हसली. दूध गालावरून माझ्या हातावर आलं. त्यातलं माझं किती आणि डब्याचं किती, कुणाला सांगता येणार आहे? मी हात पुसला नाही.

२० फेब्रुवारी

रंजनाची सासू लेकीकडं मेडशीला गेलीय. सकाळी रंजना गुड्डीला घेऊन दारात. "दुपारपर्यंत ठेवसान का? आज मेथी लय हाय, हिले कडेवर घेऊन नाई जमत." ठेव म्हटलं.

गुड्डी आता वर्षाची. भाकर चावते, धरून चालते. आधी वजनकाट्याशी खेळली. मग आत्याबाईंच्या मागं मागं. अकराच्या सुमाराला रडायला लागली. पाणी नको, बिस्कीट नको, भात-वरण नको. सुजाता झोळीत झोपलेली, ती उठेल म्हणून मी गुड्डीला मांडीवर घेतलं. तिनं सरळ माझा पदर ओढला.

लक्षात राहिलं असेल का तिच्या? तीन महिने झाले. पाच-सहा दिवस कोरडं ओढून, रडून गेली होती इथून.

मी थबकले. पोरगी दुसऱ्याची. घर कुठलं, ते कान तुटलेल्या कपाला माहीत. रंजनाला फोन लावला, बाजाराच्या गलबल्यात उचलला नाही. आत्याबाईंकडे बघितलं. त्या म्हणाल्या, "तवा ह्या पोट्टीले इचारलं होतं का आपन?"

घेतलं तिला. पहिले दोन घोट, आणि थांबली. तोंड सोडलं, वर माझ्याकडे बघितलं. खालच्या ओठावर पांढरं. मग पुन्हा धरलं, डोळे मिटले. मला इतकं भरून आलं की आत्याबाईंना आत जा म्हणावं लागलं.

दोन वाजता रंजना आली, टोपली रिकामी.

"रडली का वो?"

"थोडीशी. मग प्याली, झोपली."

"काय प्याली?"

सांगितलं. फोन केला होता तेही सांगितलं, तुला विचारायला हवं होतं तेही. ती ओट्यावर टेकली. झोपलेल्या पोरीचं तोंड पदरानं पुसलं, तिथं काही नव्हतं तरी.  मी मनात म्हटलं, संपलं सगळं.

"सासूले मी सांगतो," ती म्हणाली. "तुमी नोका सांगू. मीच सांगतो." पोरीला खांद्यावर टाकलं आणि गेली. चहा ठेवला होता, तो तसाच. तिची सासू रविवारी येते.

ती वळणावर दिसेनाशी झाली तेवढ्यात सुजाता उठली. डावीकडे गुड्डीनं पिऊन घेतलेलं, उजवीकडे लावली. वाटी, नळी, सगळं तयार होतं. पण आधी तशीच, नळीशिवाय लावली. भुवया आक्रसल्या. गिळल्याचा एक आवाज आला. मग जरा थांबून दुसरा.

उद्या वजन.